मध्ये माणूस नाही

२ सप्टेंबर, मंगळवार

मिळालं काम. महिनाअखेरीला व्यवसाय-तंत्रज्ञानाची मोठी परिषद आहे, तिथलं पहिल्या दिवशीचं मुख्य भाषण आमच्या साहेबांचं. ते बसवून घ्यायचं माझ्याकडे आलं. ‘आमचे’ साहेब म्हणायला लागले बघा मी लगेच. दुपारपर्यंत तोंडओळखसुद्धा नव्हती.

रेडिओवर बातम्या वाचायचे तोवर बरं चाललं होतं. ते केंद्र बंद पडलं तेव्हापासून मी मोठ्या लोकांना बोलायला शिकवते. ओळखीपाळखीचे हसतात, म्हणतात यात शिकवायचं काय, तोंड तर सगळ्यांनाच असतं. असतं ना. पण बोलणाऱ्याची माती विकली जाते आणि न बोलणाऱ्याचं सोनंही विकलं जात नाही. साहेबांकडे माती आहे की सोनं ते मला अजून माहीत नाही, आणि खरं सांगायचं तर त्याच्याशी मला कर्तव्यही नाही.

रुग्णवाहिका बोलवायचा जो नंबर असतो, त्यावरचे फोन या कंपनीची यंत्रणा उचलणार. माणूस नाही, यंत्रणा. तीच विचारणार काय होतंय, आणि गाडी पाठवायची की नाही हेही तीच ठरवणार. परिषदेला शहराशहरांतून इस्पितळांचे आणि विमा कंपन्यांचे लोक येणार आहेत. त्यांच्या गळी हे उतरवायचं.

बाबांना सांगितलं. खूश झाले. म्हणाले, पुन्हा आवाजाच्या कामात पडलीस, छान झालं. मग जरा पडतो म्हणून आत गेले. हल्ली संध्याकाळचेही पडतात. बरं आहे ना, म्हणून विचारलं तर म्हणाले, “मला काय धाड भरलीय? ठणठणीत आहे.” मी चहा ठेवला.

५ सप्टेंबर, शुक्रवार

पहिली बैठक. साहेब बोलतात बरे. हात फार हलवतात, ते आवरता येईल. खरी डोकेदुखी दुसरीच आहे. यंत्रणा जिने बनवली ती त्यांची मुख्य अभियंता. भाषणाचा मसुदा तिचा, आणि मधली काही मिनिटं बोलणारही तीच. बारीक अंगाची, केस कसेतरी वर बांधलेले, आणि एक वाक्य सरळ म्हणून नाही. “जर आवाज स्पष्ट असेल तर”, “बहुतेक वेळा”, “आतापर्यंतच्या चाचण्यांत तरी”. नमनालाच घडाभर तेल. मी मनातल्या मनात तिचं नाव जर-तर बाई ठेवून टाकलं.

माझी पद्धत साधी आहे. लाल पेन्सिल घ्यायची आणि बोलणाऱ्याच्या पायात येणारा प्रत्येक शब्द खोडायचा. बहुधा, शक्यतो, साधारणपणे, आमच्या माहितीप्रमाणे. ऐकणाऱ्याला शंका विकत घ्यायची नसते. तिच्या पहिल्याच पानावर होतं: ‘माणसाने खरं सांगितलं, तर यंत्रणा चुकत नाही.’ मी पुढचा अर्धा भाग खोडला. उरलं: ‘यंत्रणा चुकत नाही.’

साहेबांनी ते मोठ्याने वाचलं आणि मान डोलावली. बाई म्हणाली, “पण हे खरं नाही.” मी म्हटलं, खोटंही नाही, आखूड आहे. साहेब हसले. ती नाही हसली.

९ सप्टेंबर, मंगळवार

आज त्यांच्या कार्यालयात गेले. सगळीकडे काच आणि भिंत म्हणून कुठे नाही. चहाच्या यंत्रापाशी एक जुना लेखापाल भेटला, त्याने गंमत सांगितली. मागे एका परिषदेत साहेब स्टेजवर बोलून गेले, आमच्याकडे बंद खोल्या नाहीत. तेव्हा होत्या. परत आले आणि त्याच आठवड्यात भिंती पाडल्या. एकदा म्हणाले, आम्ही कागद वापरत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी छपाईची यंत्रं उचलून नेली. हा बिचारा अजून स्वतःच्या पैशाने बाहेरून छापून आणतो आणि पिशवीत लपवतो.

इथला नियमच तो आहे म्हणे. स्टेजवर बोललेलं मागे घ्यायचं नाही, कंपनीने बोलण्याच्या मागून धावायचं. लेखापाल हे कौतुकाने सांगत होता की रडत होता ते कळलं नाही. मला मात्र आवडलं. दिलेला शब्द पाळणारी माणसं आता राहिलीत कुठे?

आणि आजची मोठी बातमी. एक वाक्य कसं म्हणायचं ते मी साहेबांना म्हणून दाखवत होते, ‘मी ऐकतेय, सावकाश सांगा’, तर ते एकदम थांबले. म्हणाले, यंत्रणेला आवाज हाच द्यायचा. आत्ता जो आहे तो पत्र्याचा डबा वाजवल्यासारखा आहे. मी आधी आढेवेढे घेतले, मग हो म्हटलं. एकदम हो म्हणायचं नसतं.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

दिवसभर ध्वनिमुद्रण. घसा बसला. ‘हो, मी आहे.’ ‘घाबरू नका.’ ‘कुठे दुखतंय का?’ ‘श्वास घेता येतोय ना?’ ‘ठीक आहे, काळजी घ्या.’ एकेक वाक्य इतक्या वेळा म्हटलं की शेवटी शेवटी शब्दांचा अर्थच निघून गेला. नंतर हे तुकडे जोडून यंत्रणा काय वाटेल ते माझ्या आवाजात बोलणार. सह्या केल्या, आवाज आता कंपनीचा. बातम्या वाचत होते तेव्हा तो सरकारचा होता, मग आता काय बिघडलं?

जर-तर बाई काचेपलीकडे बसून होती. मध्येच आत आली आणि म्हणाली, जरा कोरडं म्हणाल का, दुकानदारासारखं? मी विचारलं, का बरं? आजारी माणसाशी का कोरडं बोलायचं?

तिने आपलं नेहमीचं पाल्हाळ लावलं. नमुन्याला म्हणून आधी घेतलेल्या माझ्या काही वाक्यांवर तिने कालच चाचणी घेतली. जुन्या डब्याच्या आवाजाला लोक धडाधड सांगायचे, छातीत कळ आहे, डोळ्यांपुढे अंधारी येते. माझ्या आवाजाला त्यांतले काही जण म्हणाले, नाही हो, तसं विशेष काही नाही. “तुमचा आवाज फार घरचा वाटतो,” ती म्हणाली. “लोक परक्याला दुखणं सांगतात. घरच्याला नाही सांगत, बहुतेक.”

एवढं बोलूनही शेवटी ‘बहुतेक’ आहेच!

साहेबांना मी हे सांगितलं तर त्यांना ते फार आवडलं. म्हणाले, म्हणजे तुमचा आवाज ऐकूनच लोकांची भीती जाते, विनाकारण गाड्या पळवाव्या लागत नाहीत. हे भाषणात घ्यायचं. मी घेतलं.

१४ सप्टेंबर, रविवार

शेजारच्या वहिनी आल्या होत्या. शिवणकाम करतात, बाबांच्या पँटी उसवल्या की यांच्याकडेच. दार ओढून घेऊन हळू आवाजात म्हणाल्या, गुरुवारी दुपारी बाबा त्यांच्या दाराशी येऊन पायरीवर बसले होते. डावा हात धरून. घामाने शर्ट ओला. पाणी दिलं, बसवलं, अर्ध्या तासाने बरं वाटलं. वर बजावून गेले, पोरीला सांगू नका.

मी तशीच आत जाऊन विचारलं. बाबांनी उडवून लावलं. “वहिनी राईचा पर्वत करतात. जिना चढलो, दम लागला. या वयात काय उड्या मारू?” जन्मभर बस चालवली त्यांनी. त्यांचं एक ठरलेलं वाक्य आहे, गाडीत माणसं असली की ड्रायव्हरने घाबरायचं नसतं. एकदा घाटात ब्रेक ढिले पडले तरी यांनी गाडी खाली आणली, आणि प्रवाशांना कळलंसुद्धा नाही. मी लहान होते तेव्हा ही गोष्ट शंभरदा ऐकली आहे.

डॉक्टरांकडे चला म्हटलं, तर तुझी परिषद होऊ दे मग जाऊ म्हणाले. बरं म्हटलं. दिसत तर होते चांगले. जेवलेही नीट.

एक काम मात्र केलं. त्यांच्या फोनवर एक मोठी लाल कळ बसवून दिली. दाबली की सरळ रुग्णवाहिकेच्या नंबरला लागतो, आणि आमच्या शहरात बावीस तारखेपासून तो नंबर म्हणजे मीच. त्यांना गंमत म्हणून सांगितलं, बाबा, ही कळ दाबलीत की मीच उचलणार, कुठेही असले तरी.

“म्हणजे तुला कळणार?” त्यांनी विचारलं.

“मलाच कळणार,” मी म्हटलं. “त्यासाठीच तर केलंय.”

त्यांनी कळीकडे जरा वेळ पाहिलं आणि फोन उशाशी उलटा ठेवला. जिवाला केवढा घोर होता माझ्या, आता निश्चिंत झाले.

१८ सप्टेंबर, गुरुवार

पूर्ण तालीम. साहेब छान तयार झालेत. हात आवरले, चाल सुधारली, कुठे थांबायचं ते बरोबर कळतं.

गाडी अडली ती बाईच्या मसुद्यातल्या शेवटच्या वाक्यावर. ‘जो माणूस मी बरा आहे असं सांगतो, त्याला थोड्या वेळाने आमची माणसं स्वतः फोन करून खात्री करतात.’ तिच्याकडे फोन करणाऱ्यांचं एक टेबल आहे, जुन्या सेवेत काम केलेल्या बायका आणि पुरुष बसतात तिथे. दिवसभर तेच काम. मी म्हटलं, हे वाक्य शेवटी नको. शेवटी टाळ्या हव्यात. तुम्ही यंत्रणा चुकत नाही म्हणता आणि लगेच चुकली तर बघायला माणसं ठेवलीत म्हणता, हे म्हणजे ताकाला जाऊन भांडं लपवण्याच्या उलट झालं, ताक घेतल्यावर भांडं दाखवण्यासारखं.

ती लाल झाली. मी तिला पहिल्यांदाच जर-तर न लावता बोलताना ऐकलं. “हे वाक्य काढू नका,” ती म्हणाली.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी पेन्सिल फिरवली. त्या जागी काय म्हणायचं, त्यांनी विचारलं. मी जरा विचार केला आणि तीन शब्द दिले. मध्ये माणूस नाही.

साहेबांनी ते रिकाम्या सभागृहात उच्चारून पाहिले. मागे झाडू मारणारा थांबून बघायला लागला, इतके ते घुमले. माझ्या अंगावर काटा आला. असं वाक्य वर्षातून एखादंच सुचतं.

निघताना बाई जिन्यात भेटली. म्हणाली, ते स्टेजवर बोलले की माझं टेबल जाणार, तुम्हाला इथली पद्धत माहीत आहे ना? मी म्हटलं, अहो, भाषण आहे ते, भाषणात माणूस असं बोलतोच. मनात एकदा पाल चुकचुकली, नाही असं नाही. पण प्रत्येक कामात कुणीतरी रडत असतंच, म्हटलं.

२२ सप्टेंबर, सोमवार

आजपासून आमच्या शहरात मी फोन उचलते! सकाळी बाबांच्या फोनवरून लावून बघावा म्हटलं तर ते म्हणाले, उगाच कशाला, खरोखरच्या माणसाचा फोन अडेल. बरोबर आहे त्यांचं.

वहिनी चार-पाच दिवस लेकीकडे चालल्यात, आणि मी बुधवारी परिषदेच्या गावाला. आमची किल्ली असते त्यांच्याकडे. निघताना म्हणाल्या, मी नाही आणि तूही नाहीस, मग यांच्याकडे कोण बघणार? मी लाल कळ दाखवली. त्यांनी कळीकडे पाहिलं, मग बाबांकडे. बाबा वर्तमानपत्र वाचत होते. पान बराच वेळ उलटलं नव्हतं.

२५ सप्टेंबर, गुरुवार

झालं! काय वर्णावं!

सभागृह एवढं मोठं की मागची माणसं पडद्यावरच बघत होती. साहेबांच्या आधी तीन प्रमुख बोलून गेले. एक बँकेचा, एक विम्याचा, एक गोदामांचा. तिघांचे पांढरे बूट, तिघांच्या कानामागून गालावर आलेला तोच तो माइकचा काळा दांडा, आणि तिघेही पिंजऱ्यातल्या वाघासारखे येरझाऱ्या घालत होते. यंत्र झोपत नाही, यंत्र रजा मागत नाही, यंत्र रागावत नाही. ऐकून ऐकून मलाच जांभई आली. मग तिघांची एकत्र चर्चा ठेवली होती, तिच्यात कुणी कुणाला एकदाही खोडून काढलं नाही. आमच्या घरात एवढं एकमत मी जन्मात पाहिलं नाही.

मग साहेब. हात जागेवर. थांबे जागेवर. अंधार केला आणि माझा आवाज सोडला: ‘मी ऐकतेय. घाबरू नका.’ पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी छातीवर हात ठेवला, मी डोळ्यांनी पाहिलं. आणि शेवटी ते वाक्य. मध्ये, माणूस, नाही. टाळ्या थांबेनात.

जर-तर बाई तिच्या मिनिटांत ठरवलेलंच बोलली. पाठ केलेलं, एकही जर नाही. पडद्यावर तिचा चेहरा केवढा मोठा आणि कसा रिकामा दिसत होता.

प्रश्नोत्तरांत एक वयस्कर गृहस्थ उभे राहिले. रुग्णवाहिकांच्या सेवेत आयुष्य गेलं म्हणाले. त्यांनी विचारलं, माणूस खोटं बोलला तर? साहेबांनी मी शिकवल्याप्रमाणे आधी प्रश्नाचं कौतुक केलं, मग म्हणाले, मरणाच्या दारात कोण खोटं बोलतं? लोक हसले. गृहस्थ हसले नाहीत, म्हणाले, सगळेच बोलतात हो, आणि खाली बसले.

बाबांना फोन केला. सगळं सांगितलं. आवाज खोल येत होता. बरे आहात ना, विचारलं. म्हणाले, “एकदम. तू मजा कर.”

२६ सप्टेंबर, शुक्रवार

साहेबांनी सकाळीच जाहीर करून टाकलं, फोन करणाऱ्यांचं टेबल आजपासून बंद. त्या लोकांना दुसरीकडे कुठेतरी सामावून घेणार म्हणे. बाई न्याहारीला आली नाही. मला थोडं वाईट वाटलं. पण निर्णय काही माझा नव्हता.

दुपारी बँकेवाल्याने आणि विमावाल्याने मला जेवायला नेलं. दोघांनाही त्यांची भाषणं माझ्याकडून बसवून हवीत. विमावाला म्हणाला, तुम्ही समोर बोलता आहात आणि मला वाटतंय, रुग्णवाहिका बोलावली की काय. सगळे खो खो हसले. मीही हसले. मुक्काम एक दिवस वाढवला.

संध्याकाळपासून बाबांना लावतेय. उचलत नाहीत. पडले असतील. फोन उशाशी उलटा ठेवायची सवय आहे, वाजलेला कळत नाही. वहिनीही नाहीत आज, उद्या सकाळी येतील. काही झालंच असतं तर लाल कळ आहे. काही असतं तर मला कळलं असतं.

२९ सप्टेंबर, सोमवार

आज लिहायला नको वाटतंय. पण लिहिते.

शनिवारी सकाळी वहिनी परतल्या. दार वाजवलं, उघडलं नाही, किल्लीने उघडलं. बाबा पलंग आणि भिंत यांच्यामध्ये पडले होते. शुद्धीवर होते, असं वहिनी म्हणतात. फोन हातात होता. वहिनींनी गॅलरीतून ओरडून समोरचा टॅक्सीवाला बोलावला आणि त्याच्या गाडीत घालून नेलं. रुग्णवाहिकेचा नंबर त्यांना सुचलाच नाही. बरं झालं नाही सुचला.

मोठा झटका होता. शुक्रवारी दुपारी आला असावा. डॉक्टर म्हणाले, जर तासाभरात आणलं असतं तर हृदय इतकं गेलं नसतं. आता जर हा आठवडा निघाला तर पुढचं बघू. दोन्ही जर मी ऐकून घेतले.

मी एकच विचारत राहिले, कळ का नाही दाबली? एवढी मोठी कळ. एवढं समजावून सांगितलं होतं. रागच आला मला त्यांचा, नळ्या लावलेल्या त्या चेहऱ्याकडे बघून. आपण जीव टाकायचा आणि यांनी साधी कळ दाबायची नाही.

१ ऑक्टोबर, बुधवार

दाबली होती.

जर-तर बाई इस्पितळात आली. तिला कुणी कळवलं माहीत नाही, मी नाही. जिन्याजवळच्या बाकावर माझ्या शेजारी बसली, कानात घालायच्या गुंड्या माझ्या हातात दिल्या आणि म्हणाली, त्यांच्या फोनचं ध्वनिमुद्रण आहे, नको असेल तर ऐकू नका. मी ऐकलं. जसं आहे तसं लिहून ठेवते, नाहीतर उद्या मीच त्यात काहीतरी आखूड करून टाकीन.

माझा आवाज: “मी ऐकतेय. घाबरू नका. काय होतंय?”

श्वास. मग बाबा: “कोण? तू का?”

“हो, मी आहे. सावकाश सांगा.”

“अगं... झालं का तुझं आजचंही चांगलं? टाळ्या पडल्या का?”

“मी ऐकतेय. कुठे दुखतंय का?”

इथे मोठा थांबा आहे. नुसता श्वास. मी लोकांना थांबे शिकवते, इतका मोठा थांबा मी आजवर ऐकला नाही.

“नाही गं. हात लागला चुकून. तू कामात असशील.”

“तुम्ही बरे आहात ना?”

“बरा आहे. मला काय धाड भरलीय. तू ये सावकाश.”

“ठीक आहे. काळजी घ्या.”

संपलं. यंत्रणेने नोंद केली, गरज नाही. टेबल असतं तर थोड्या वेळाने कुणीतरी परक्या बाईने फोन केला असता, आजोबा, खरंच बरे आहात का. परक्या बाईला त्यांनी सांगितलं असतं. वहिनींना सांगितलंच होतं की. मलाच नव्हतं सांगितलं, आणि मी त्यांना सांगून बसले होते की कळ दाबलीत की मीच उचलणार.

बाईने माझ्या पाठीवर हात ठेवला होता. मी तिला म्हटलं, ते वाक्य मी काढलं. ती म्हणाली, हो.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

साहेबांकडे गेले. त्यांना खरंच वाईट वाटलं, डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. इस्पितळाचं काही लागलं तर सांगा म्हणाले. मी म्हटलं, मला दोनच गोष्टी हव्यात. टेबल परत सुरू करा, आणि माझा आवाज काढून टाका.

म्हणाले, आवाज आता कंपनीचा आहे, आणि परिषदेनंतर जी शहरं आली ती तो आवाज ऐकूनच आली. टेबलाचं म्हणाल, तर मी स्टेजवर बोललोय. तुम्हीच सांगा, आता तिथे माणसं बसवली तर मी काय बोललो होतो? मग अगदी मऊ आवाजात, मी शिकवलेल्याच, म्हणाले, “आणि ते स्वतःच म्हणाले ना, बरा आहे म्हणून?”

पालथ्या घड्यावर पाणी. आणि घडा पालथा करणारी कोण, तर मीच. बाई तिथली नोकरी सोडून चाललीय. रुग्णवाहिकावाल्या त्या गृहस्थांना सगळं लिहून कळवणार आहे म्हणाली. नाव घालायचं का तुमचं, विचारलं तिने. घाला म्हटलं. जे घडलं ते सगळं लिहा, बहुधा आणि कदाचितसकट. उपयोग होईल की नाही देव जाणे.

सोमवारी आणखी तीन शहरांत सुरू होतंय.

६ ऑक्टोबर, सोमवार

आज बाबा थोडं बोलले. शब्द जिभेत अडकतात, पण कळतं. मी उशाशी बसून त्यांचा हात धरला आणि विचारलं, दुखतंय का कुठे? त्यांनी मान हलवली. नाही. बरा आहे. चेहरा पांढराफटक, कपाळावर घाम, आणि बरा आहे. वर हसले माझ्याकडे बघून.

मी चहा घेऊन येते म्हणून उठले. दाराशी सिस्टर होत्या, त्यांना खुणेने बाजूला घेतलं आणि म्हटलं, तुम्ही विचारा, मी नसताना. त्यांना काही नवल वाटलं नाही. त्या आत गेल्या, मी खाटेभोवतीच्या पडद्यामागे उभी राहिले. पलीकडून मी दिसत नव्हते.

सिस्टरांनी विचारलं, अगदी कोरडं, दुकानदारासारखं, “आजोबा, दुखतंय कुठे?”

आणि बाबा सांगायला लागले. छातीत. डाव्या खांद्यात. जबड्यापर्यंत कळ येते. सकाळपासून तीनदा आली. श्वास पुरत नाही. भीती वाटते. सगळं सांगितलं, थांबत थांबत, एकेक शब्द ओढत.

“मग मुलीला का नाही सांगितलंत? आत्ता तर विचारत होती.”

“तिला सांगू नका,” बाबा म्हणाले. “त्या दिवशी फोनवरही विचारलंन तिने... दोन-दोनदा... किती जीव तोडून विचारत होती. अगदी तोंडावर आलं होतं. पण नाही सांगितलं.”

सिस्टर धावत डॉक्टरांना बोलवायला गेल्या. मी पडद्याला धरून तिथेच उभी होते. पलीकडून बाबांचा श्वास ऐकू येत होता आणि मी ऐकत होते.